वीजबिल माफ झालं, मोटार माफ झाली नाही



चैत्र-वैशाखात मुदखेडच्या शिवारात पाण्याची एक पाळी चुकली तरी पीक बोलतं. काकडा, मोगरा, गुलाब यांना लग्नसराईचा भाव असतो. बारड, मुगटकडच्या केळीचे घड भरत असतात. ऊस पाणी मागत असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरीवरची मोटार जळते. वायंडिंगच्या दुकानात गर्दी, कारागीर म्हणतो चार दिवसांनी या, आणि इकडे बाग माना टाकते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, काल सांजच्याला चांगली चालली, रात्रीतून अचानक जळली."

मोटार अचानक क्वचितच जळते. बहुतेक मोटारी आधी सांगतात. आवाज बदलून सांगतात, अंग तापवून सांगतात, पाणी कमी टाकून सांगतात. आपण ते ऐकत नाही, इतकंच. ते सांगणं ऐकावं कसं आणि त्यातून खर्च कसा वाचवावा, एवढाच या पत्रकाचा विषय आहे.

मोटेच्या दिवसांत आपले वाडवडील बैल जुंपण्याआधी नाडा बघायचे, चाकाला वंगण द्यायचे, मोटेचं कातडं चाचपायचे. नाडा तुटला तर बैल आणि माणूस दोघांच्या जिवाशी गाठ, हे त्यांना ठाऊक होतं. मोट गेली, मोटार आली. बटण दाबलं की पाणी येतं, म्हणून बघण्याची ती सवय मात्र सुटली.

खर्च नेमका कुठे होतो?

राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी वीजबिल माफ केलं. चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे एक समज पसरला की आता पाणी फुकट झालं. बंधूंनो, वीजबिल माफ झालं, मोटार माफ झालेली नाही. तांब्याची तार, बेरिंग, केबल, पाईप, कारागिराची मजुरी या सगळ्यांचे भाव वाढतच आहेत, आणि ते आपल्याच खिशातून जातात.

मोटार जळली की आपण फक्त वायंडिंगचे पैसे मोजतो. एकदा वहीत सगळं लिहून बघा:

१. वायंडिंग आणि बेरिंगचं बिल.
२. मोटार विहिरीतून काढायची, परत बसवायची मजुरी.
३. मुदखेडला किंवा नांदेडला नेण्या-आणण्याचं भाडं.
४. आपले आणि सालगड्याचे मोडलेले दिवस.
५. चुकलेल्या पाण्याने झालेलं पिकाचं नुकसान.

पहिले चार आकडे तुमचे तुम्ही भरा. पाचव्याचा हिशेब आपण मिळून करू. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीची एकरी १,७४२ झाडं बसतात. उन्हाळ्यात ठिबकावर झाडाला दिवसाला २० लिटर पाणी धरलं, तर एका एकराला रोज सुमारे ३५ हजार लिटर पाणी लागतं. मोटार तीन दिवस बंद राहिली की एक लाख लिटरच्या वर पाणी चुकलं. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा-साडेदहा टँकर! तेवढे टँकर विकत आणून केळी जगवायची म्हटलं तर वायंडिंगचं बिल त्यापुढे किरकोळ वाटेल. फुलांचं तर विचारूच नका. ताण बसून कळी गळाली की लग्नसराईचा भाव आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून मोटारीची निगा हे मोटारीपेक्षा पिकाचं काम आहे, असं समजा.

मोटार जळते म्हणजे काय होतं?

मोटारीच्या आत तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. प्रत्येक तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो थर म्हणजे तारेची कातडी. तारेतून जास्त प्रवाह गेला की तार तापते. फार तापली की वार्निश आधी कडक होतं, मग तडकतं, आणि एक दिवस दोन तारा एकमेकींना लागतात. त्यालाच आपण मोटार जळाली म्हणतो. ढोबळ नियम असा, की सोसवेल त्यापेक्षा दहा अंश जास्त उष्णतेत मोटार सतत चालली, तर वार्निशचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे जळण्याचा दिवस एक असतो, पण जळण्याचं काम महिनोन् महिने चाललेलं असतं.

ही उष्णता वाढवणारी कारणं मोजकीच आहेत. एकेक पाहू.

कारण पहिलं: एक फेज जाणे

तीन फेजच्या मोटारीला तिन्ही तारांतून सारखी वीज मिळायला हवी. डीपीवरचा एक फ्यूज गेला, किटकॅट ढिला झाला, तार तुटली की एक फेज जातो. मोटार बंद असेल तर ती सुरूच होत नाही, नुसती घुमते. तेव्हा पटकन बंद करावी, पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. पण मोटार चालू असताना फेज गेला, तर ती चालत राहते आणि उरलेल्या दोन तारांतून जवळजवळ पावणेदोन पट प्रवाह ओढते. काही मिनिटांत काम तमाम.

पुष्कळ जण स्टार्टरजवळ तीन दिवे लावतात. ही सवय चांगली आहे, पण त्यावर विसंबू नका. मोटार फिरत असली की गेलेल्या फेजचा दिवाही मोटारीतून उलट येणाऱ्या विजेवर जळत राहतो आणि माणूस फसतो. खरा राखणदार म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर. त्यातही नुसत्या दाबावर चालणाऱ्यापेक्षा प्रवाहावर चालणारा घ्यावा. तो एक फेज जाताच मोटार बंद करतो. त्याची किंमत एका वायंडिंगच्या बिलाशी ताडून बघा, म्हणजे निर्णय आपोआप होईल.

थ्री फेज लाईन नसताना कंडेन्सर लावून तीच मोटार दोन तारांवर चालवण्याचा जुगाड काही ठिकाणी दिसतो. त्यात मोटार तापतेच. एका रात्रीचं पाणी मिळतं आणि हंगामाची मोटार जाते.

कारण दुसरं: कमी दाब

शेतीपंपाच्या मोटारी साधारण ३५० ते ४४० व्होल्ट या दाबात चालतील अशा बनवलेल्या असतात. नेमका दाब ४१५ व्होल्टचा. दाब कमी झाला तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं. मग मोटार तीच ताकद जास्त प्रवाह ओढून भरून काढते. ४१५ चे ३५० व्होल्ट झाले, तर प्रवाह जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो आणि तारेतली उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी. ३५० च्या खाली तर बोलायलाच नको.

म्हणून स्टार्टरच्या पेटीत व्होल्टमीटर आणि अँमीटर दोन्ही हवेत, आणि ते चालू हवेत. काच फुटलेला, काटा अडकलेला मीटर हा बंद पडलेल्या घड्याळासारखा. पाच एचपीची मोटार पूर्ण भारावर सात-आठ अँपिअर घेते. आपल्या मोटारीच्या पाटीवर नेमका आकडा कोरलेला असतो, तो खडूने पेटीवर मोठा लिहून ठेवा. काटा त्याच्या वर गेला की मोटार बंद. दाब ३५० च्या खाली असला की मोटार सुरूच करायची नाही. घाई पिकाला असते हे खरं, पण जळलेली मोटार काही पाणी देत नाही.

कारण तिसरं: आपणच लावलेला ऑटोस्विच

आता जरा नाजूक विषय. लाईन रात्री-बेरात्री येते. आखाडा लांब, वाटेत चिखल, साप-विंचवाची भीती. म्हणून माणूस ऑटोस्विच लावतो. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. यात शेतकऱ्याचा आळस नाही, अडचण आहे, हे आम्ही जाणतो. पण त्याचा परिणामही समजून घ्या.

मोटार थेट सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. समजा एका डीपीवर पाच एचपीच्या दहा मोटारी आहेत आणि दहाही जणांनी ऑटो लावलाय. लाईन येताच दहाही मोटारी एका दमात उठतात. डीपीला त्या क्षणी पन्नास-साठ मोटारींचा भार वाटतो. दाब खाली बसतो, कुठली मोटार नीट सुरू होत नाही, सगळ्या घुमत राहतात. मग डीपीचा फ्यूज जातो, फ्यूज गेला की एक फेज जातो, आणि आपण आत्ताच पाहिलेलं पहिलं कारण हजर! कधी डीपीच जळते. मग एकाची नाही, दहा जणांची बाग वाळते.

महावितरणही वारंवार सांगतं की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. कुणाला जाणं अगदीच अशक्य असेल, तर निदान टायमर असलेला स्टार्टर घ्या. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळ वाटून घ्या. पहिल्याची मोटार लाईन आल्यावर दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी, तिसऱ्याची सहा मिनिटांनी. पाण्याच्या पाळ्या लावतो तशाच मोटारीच्या पाळ्या. मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्टार्टरही मिळतात. त्यात फेज, दाब आणि कोरडी मोटार यांचं रक्षण आहे का, हे विचारूनच घ्या.

कपॅसिटर कशासाठी?

मोटार काही वीज खऱ्या कामाला वापरते आणि काही नुसती ये-जा करवते. ही ये-जा करणारी वीज तारेत आणि डीपीत जागा अडवते, जसा बाजाराच्या दिवशी रिकामा टेम्पो रस्ता अडवतो. कपॅसिटर ती ये-जा मोटारीजवळच भागवतो. तारेतला भार कमी होतो आणि दाब सुधारतो. पाच एचपीच्या मोटारीला, कपॅसिटर नसेल तर, डीपीची सुमारे सहा केव्हीए क्षमता लागते. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहाच मोटारी बसतात. सगळ्यांनी कपॅसिटर लावले, तर त्याच डीपीवर बारा मोटारी सुखाने चालतील.

३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसात एचपीला ३ आणि १० एचपीला ४ केव्हीएआर, असं माप साधारण धरतात. एकट्याने लावला तर फायदा थोडा, साऱ्या डीपीने लावला तर पुरेपूर. कपॅसिटर बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते, म्हणून त्याच्या तारांना हात लावू नये. फुगलेला, तेल गळणारा कपॅसिटर लगेच बदलावा.

कारण चौथं: रिले डायरेक्ट करणे

स्टार्टरमधली रिले ही मोटारीची पहारेकरी. प्रवाह वाढला की ती मोटार बंद करते. ती वारंवार पडायला लागली की आपण काय करतो? काडी खोचतो, नाहीतर वायरमनकडून रिले डायरेक्ट करून घेतो. कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं आणि चोराला वाट मोकळी करायची, त्यातलाच हा प्रकार. रिले पडते तेव्हा तिला दोष देऊ नका, ती का पडते ते शोधा. बेरिंग धरलंय का? दाब कमी आहे का? पंख्यात कचरा अडकलाय का?

रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरइतका लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये हिशेब वेगळा असतो, तिथे जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावा. किटकॅटमध्येही ठरलेल्या मापाचीच फ्यूज तार घाला. जाड तार घातली की फ्यूज वाचतो आणि मोटार जाते.

कारण पाचवं: कोरडी मोटार आणि गळका फुटबॉल

उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. पाणी तुटलं तरी मोटार चालूच राहिली, तर पंपातलं सील आणि ग्लँड पाण्याविना जळतात. पाणबुडी मोटारीला तर थंड ठेवणारं पाणीच उरत नाही. पाणबुडी गाळात रुतून बसली असली तरी हेच होतं. म्हणून विहिरीचं पाणी किती तास पुरतं ते मोजा आणि तेवढाच वेळ मोटार चालवा. बाकीचा वेळ विहिरीला झऱ्याचं पाणी भरू द्या.

वरच्या मोनोब्लॉक पंपाला रोज पाणी भरून सुरू करावं लागत असेल, तर समजा फुटबॉल गळतोय. त्याचं चामडं किंवा रबर बदलायला फार खर्च नाही. पंप पाण्यापासून फार उंच बसवू नका. सात मीटरच्या पुढे पाणी ओढणं कठीण, पाच मीटरच्या आत उत्तम. विहीर खाली गेली की पंपही खाली उतरवा. पाणबुडी पाण्याने भरायच्या जातीची असेल, तर सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरायला विसरू नका. केबलचा जोड पाण्यात जाणार असेल तर त्याला नुसती चिकटपट्टी चालत नाही, पाण्यात टिकणारा पक्का जोड हवा.

वायंडिंग करताना काय सांगावं?

मोटार दुकानात टाकून आपण चहाला जातो. तसं करू नका. चार गोष्टी ठणकावून सांगा. एक, तार तांब्याचीच आणि कारखान्याने घातली होती त्याच जाडीची, वेटोळीही तेवढीच. दोन, जुनी तार काढताना मोटारीचं शरीर आगीत लाल करू नका. त्याने आतल्या पत्र्यांमधला थर जातो आणि ती मोटार पुढे कायम तापते. तीन, वार्निश दिल्यावर नीट वाळू द्या. चार, बेरिंग जुनं असेल तर आत्ताच बदला. पक्कं बिल घ्या आणि त्यावर तारेचा गेज लिहून घ्या.

परत बसवल्यावर पहिल्याच दिवशी अँपिअर बघा. पाटीवरच्या आकड्याहून जास्त दाखवत असेल तर मोटार परत दुकानात. तीच मोटार तिसऱ्यांदा जळली, तर नव्या पंपाचा हिशेब मांडून बघा. घ्यायचा तर आयएसआय चिन्हाचा आणि जास्त तारे असलेला घ्या.

पाणी कमी का येतं? पिंप ठेवून बघा

मोटारीची तब्येत तपासायला यंत्र लागत नाही. २०० लिटरचं एक पिंप आणि हातातलं घड्याळ पुरे. पाण्याची धार पिंपात सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. ४० सेकंदांत भरलं तर सेकंदाला ५ लिटर पाणी. त्या हिशेबाने आपलं ३५ हजार लिटर पाणी दोन तासांच्या आत होतं. तेच पिंप ६० सेकंदांत भरायला लागलं, तर जवळजवळ तीन तास लागतील. मोटार दीडपट वेळ चालणार, दीडपट झिजणार, आणि लाईन मध्येच गेली की शेवटच्या ओळी कोरड्याच राहणार.

दर महिन्याला एकाच तारखेला, एकाच ठिकाणी हे माप घ्या आणि लिहून ठेवा. विहिरीची पातळी खाली गेली की पाणी थोडं कमी होणारच. पण पातळी तीच असून वेळ वाढला, तर पंखा झिजला, फुटबॉलची जाळी तुंबली किंवा पाईप गळतोय.

पाईपाकडेही बघा. पैसे वाचवायला अडीच इंचीऐवजी दोन इंची पाईप घातला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षण सुमारे तिप्पट होतं. तीन इंचीऐवजी दोन इंची घातला तर साडेसात पट! एकदाच वाचवलेले पैसे मग रोज थोडे थोडे जातात. काटकोनी वळणाऐवजी लांब वळण घ्या. हौदात पडणाऱ्या पाईपाचं तोंड उगाच उंच ठेवू नका. जेवढं उंच, तेवढं पाणी फुकट उचलायचं.

आणि शेजाऱ्याने साडेसातची बसवली म्हणून आपणही बसवू नये. सेकंदाला ५ लिटर पाणी एकूण ३० मीटर उचलायचं असेल, तर मोटार-पंपाची झीज धरूनही चार एचपीच्या आसपास ताकद लागते. म्हणजे पाचची मोटार पुष्कळ झाली. मोठी मोटार विहीर लवकर कोरडी करते, एवढंच.

मोटार दुसरी मिळते, माणूस नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला आणि मोटारीला, दोन्हींना अर्थिंग हवंच. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घाला आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. कोरडं अर्थिंग म्हणजे नसल्यासारखंच. ओल्या हाताने, अनवाणी पायाने बटण दाबू नका. पेटीजवळ कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवा. घरातल्या बायका-मुलांनाही मोटार सुरू करायला पाठवतो, म्हणून ही काळजी दुप्पट घ्या.

डीपीवर चढून स्वतः फ्यूज घालू नका. "आजवर काही झालं नाही" हे वाक्य फक्त जिवंत माणूसच बोलू शकतो. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि लाईनमनची वाट बघा.

डिझेल इंजिन वापरणाऱ्यांनी ते विहिरीत उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासाने कळत नाही, आणि विहिरीत साचतो. इंजिन बघायला उतरलेला माणूस आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरा, दोघंही त्यात जातात.

सौर पंप घेतलाय, त्यांच्यासाठी

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. पंप बसवणाऱ्या संस्थेवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. ते कागद जपून ठेवा. पॅनलवर धूळ बसली की पाणी कमी येतं. सकाळी ऊन तापण्याआधी मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पॅनलवर झाडाची सावली पडत असेल तर फांदी छाटा.

कधी काय बघायचं?

रोज, दोन मिनिटं: सुरू करण्याआधी व्होल्टमीटर. सुरू केल्यावर अँमीटर. वेगळा आवाज किंवा जळका वास आला तर लगेच बंद. अर्ध्या तासाने अंगावर हाताची मागची बाजू नेऊन अंदाज घ्या. नेहमीपेक्षा जास्त तापली असेल तर थांबा.

आठवड्याला: ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायला हवं. अजिबात नसेल तर ग्लँड फार आवळली, धार लागली तर ढिली. मोटारीवरचा पालापाचोळा झाडा. वारा लागण्याच्या जाळीत उंदीर-चिमण्यांनी घरटं केलंय का ते बघा.

महिन्याला: लाईन बंद करून, किटकॅट काढून ठेवून, स्टार्टरमधले ढिले स्क्रू आवळा. काळे पडलेले पॉइंट साफ करा किंवा बदला. पिंपाचं माप घ्या.

मृगाआधी, वर्षातून एकदा: बेरिंग तपासा, वंगण द्या. फुटबॉल उघडून साफ करा. अर्थिंग बघा. मोटार पुरात किंवा पावसात भिजेल अशी असेल तर जागा बदला. गोदाकाठी, आमदुरा-वासरीकडे नदीवर मोटारी असलेल्यांनी पाणी चढण्याआधीच मोटार वर आणावी. भिजलेली मोटार न वाळवता कधीच सुरू करू नका.

यातलं कुठलंच काम फार शिकलेल्या माणसाचं नाही. गावातला आयटीआय झालेला पोरगा वर्षातून एकदा सगळ्या डीपीच्या मोटारी तपासून देईल. सगळ्यांनी मिळून त्याला मजुरी द्यावी. गावातलं काम गावात राहील आणि वायंडिंगचं बिलही कमी होईल.

शेवटी एकच करा. या आठवड्यात आपल्या डीपीवरच्या सगळ्या मंडळींनी एका पारावर बसा. कुणाकडे ऑटो आहे, कुणाकडे कपॅसिटर आहे, कुणाची मोटार यंदा किती वेळा जळली, हे एका कागदावर लिहा. कागद लिहून झाला की काय करायचं ते कुणी सांगायला लागणार नाही. कारण पाणी विहिरीत ज्याचं त्याचं असलं, तरी लाईन सगळ्यांची एकच आहे.